अध्यक्षांचा चहा

दाभाडेबाई नववीला रसायनशास्त्राच्या शाखा समजावत होत्या, तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष खर्डेकर वर्गात आले.

"एवढ्या शाखा पोरांच्या डोक्यात कशाला भरता? एकच ठेवा, असेंद्रिय. बाकीच्या आजपासून बंद," असं फर्मावून ते खुर्चीत टेकले.

अध्यक्ष आले की चहा द्यायचा, हा शाळेचा रिवाज. बाईंनी जाऊन स्वतः कप आणला. त्यात नुसतं गार पाणी होतं.

"हा चहा?"

"साहेब, पत्ती, साखर, दूध सगळं सेंद्रियात मोडतं. उकळणं भौतिक रसायनशास्त्रात येतं. तुमच्या हुकमात बसलं ते पाणी तेवढं आणलं."

पोरांनी वह्यांत तोंडं खुपसली. अध्यक्षांनी कप बाईंपुढे सरकवला.

"शिकवा सगळ्या शाखा. सुरुवात या कपापासून करा."