दाराला लावलेलं लोखंड

"म्हणजे जिंकणं हा गुन्हाच झाला की, वस्ताद?"

इंद्रजित उंबऱ्यातूनच बोलला. हेल्मेटची पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती.

वस्ताद म्हटलं की लोकांना कुस्तीची तांबडी माती आठवते. पण बाबालाल वस्ताद गाड्यांचे. पन्हाळ्याच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड. इंद्रजितच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग त्यांनीच दिलं. आता पोरगा मोठ्या टीमकडून रेसिंग करत होता, पेपरात फोटो येत होते, त्यामुळं मान जरा ताठच असायची.

"बस आधी. काय झालं?"

"शर्यत जिंकली की पुढच्या शर्यतीला सीटखाली पंधरा किलोची प्लेट बसवतात. परत जिंकली की आणखी एक. हरलो तरच काढतात. मी दोन जिंकल्या, दोन चढल्या. लोखंड घेऊन मी वळणं मारायची आणि बाकीचे हलके! कुठल्या शहाण्यानं काढला हा नियम?"

"आम्हीच. समितीत मीही हात वर केला होता."

"तुम्ही? का पण?"

"तेव्हा मी शर्यतीत कायम कुणाच्या तरी मागं असायचो."

म्हाताऱ्यानं हे इतक्या सहज सांगितलं, जणू चहात साखर किती ते सांगतोय. इंद्रजितनं पिशवी खाली टाकली.

"मग आता बदला," तो म्हणाला. "तुमचा शब्द अजून चालतो तिथं. उद्या शर्यत आहे..." आवाज उतरला. "मॅनेजर पोटनीस म्हणतात, उद्या मुद्दाम मागं राहा. जावईबापूंना जिंकू दे. म्हणजे फायनलला तुझी गाडी हलकी."

जावईबापू म्हणजे टीमच्या मालकांचे जावई. टीमची दुसरी गाडी त्यांच्याकडं.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर सीट गेली. दुसरा पोरगा तयारच आहे त्यांच्याकडं. आज फोनवर हो म्हणून सांगायचंय."

"तुला काय पाहिजे?" वस्तादांनी विचारलं.

"हलकी गाडी. एकदाच, वस्ताद. पहिल्यांदा इथं मागच्या माळावर पळवली होती तशी. नियम नाही, मालक नाही, कानात कुणी बोलत नाही... फार आठवतं हो ते."

डोळे भरले होते. पुसले तर दिसेल, म्हणून पुसले नाहीत.

बाहेर वारा सुटला होता. शेडचं दार हलत होतं, पण मिटत नव्हतं. खाली एक गंजलेलं लोखंड लावलं होतं.

"ते उचल," वस्ताद म्हणाले.

इंद्रजितनं उचललं आणि तिथंच थांबला. बोल्टांची चार भोकं. हे लोखंड तो चांगलं ओळखत होता.

"तुमच्या गाडीतली प्लेट?"

"शेवटची. पुढं मीही जिंकायला लागलो होतो. मग एकदा हरलो, त्यांनी काढली, मी मागून घेतली."

"मग त्या दिवशी गाडी पळाली असेल!"

"वाऱ्यासारखी."

"जिंकलात?"

"सातवा आलो. पुढच्या शर्यतीआधी मी हातात पाना घेऊन गाडीपाशी उभा राहिलो. म्हटलं, येतील प्लेट बसवायला. त्याच्या पुढच्या शर्यतीलाही उभा राहिलो... कुणी आलं नाही रे, पोरा. पुन्हा कधीच नाही."

वस्तादांनी मांडीवर थोपटलं. "इथं ठेव. मला आता उचलवत नाही."

इंद्रजितनं ठेवली. म्हातारा त्या गंजावरून हात फिरवत राहिला, एकेका भोकात बोट घालून बघत राहिला.

फोन वाजला. पोटनीस. इंद्रजितनं थोडा वेळ तो वाजू दिला, मग उचलला.

"साहेब, उद्या मी मागं राहणार नाही... हो, कळतंय. गेली सीट तर गेली. पण उद्याच्या दिवस गाडी माझी आहे. त्या दोन प्लेटा नीट आवळून घ्या." तो थांबला. "आणि तिसरीला जागा करून ठेवा."

तेवढ्यात दार धाडकन आपटलं.

इंद्रजित वाकला. प्लेट पुन्हा दाराला लावावी म्हणून त्यानं हात पुढं केले. वस्तादांनी दोन्ही हातांनी ती घट्ट धरली.

"राहू दे रे थोडा वेळ... दार आपटलं तर आपटू दे."