तीन तोंडांचं घर

त्या राज्यात पाणी एकच होतं आणि त्याची वाट पाहणाऱ्या वस्त्या दोन. टेकडीवर हौदाची वस्ती, उतारावर मळ्याची. दोन्हीकडे एकाच वेळी जाण्याइतका जोर पाण्यात नव्हता. म्हणून वाटा फुटत तिथे जुन्या जाणत्यांनी एक पितळी घर बांधलं होतं. त्याला तोंडं तीन. एकातून पाणी आत येई, उरलेल्या दोहोंपैकी एकातून बाहेर जाई.

त्या घरात दट्ट्या राहत असे. एवढासा लोखंडी जीव, पण तो एका टोकाला बसला की हौदाची वाट बंद, दुसऱ्या टोकाला गेला की मळ्याची. घरात त्याच्यासोबत पोलादी स्प्रिंग होती. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, म्हणून तो तिला मावशी म्हणे. आणि वरच्या भिंतीपलीकडे ताम्रा होती, अंगाभोवती तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे घेतलेली. दट्ट्याने आणि तिने एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. हौद रिता झाला की ताम्राच्या अंगातून वीज वाहू लागे, तीच तिची हाक. दट्ट्या ओढला जाई, भिंतीला टेके, टक् असा आवाज होई आणि पाणी टेकडी चढू लागे. हाक थांबली की मावशी त्याला ढकलून जागेवर आणी आणि पाणी मळ्याकडे वळे.

आता दट्ट्याचा स्वभाव असा, की कुणाचं मन मोडणं त्याच्या अगदी जिवावर येई. भिंतीकडे जायचं तर मावशीला दाबल्याशिवाय वाट नव्हती. ती पार चेपून जाई, करकरे, आणि त्याचं काळीज तुटे. परत फिरावं तर ताम्राला सोडून जावं लागे. शेवटी एकदा हाक आली तेव्हा तो निघाला खरा, पण मावशी करकरायच्या आधी, अगदी मधोमध, घराच्या कडेला वर आलेल्या पितळेच्या एका कुसळात अंग अडकवून थांबला. दोन्ही वाटा अर्ध्या उघड्या राहिल्या. आपण कुणालाच दुखवलं नाही, या विचाराने त्याला फार बरं वाटलं.

सुरुवातीला दोन्हीकडे थोडं थोडं पाणी पोचलं, म्हणून दोन्ही वस्त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग टेकडीवरच्या नळांतून नुसती हवा येऊ लागली. मळ्यात शेवटच्या वाफ्यांपर्यंत पाण्याची ओल जाईना. हौद भरेना, म्हणून हाकही थांबेना. ताम्रा घुमत राहिली, आणि हळूहळू भिंत कोमट झाली.

दट्ट्या त्या उबेने सुखावला. इतकी वर्षं जिला पाहिलं नाही, तिची माया आपल्याला दुरूनही जाणवते, असं त्याला वाटलं. वेडाच तो. मावशीला ते कौतुकाने सांगू लागला. भिंतीकडून जळकट वास येत होता.

"ती माया नव्हे रे बाळा," मावशी म्हणाली. "ती जळतेय."



"तू पोचेपर्यंत तिला जिवाच्या आकांताने ओढावं लागतं. पोचलास की तिला हलकं होतं. तू अर्ध्यावर उभा, आणि ती तशीच ओढतेय."

"पण पुढे आलो तर तू चेपली जाशील, मावशी."

"मग चेपू दे की. दबलेच नाही, तर तुला घरी कशाने आणू?"

दट्ट्याला रडू आलं. त्याने कुसळातून अंग सोडवलं. अंग सोललं, पण तो थांबला नाही. मावशीला पार दाबत, तिची करकर ऐकत, तो भिंतीपर्यंत गेला आणि कपाळ टेकलं.

टक्.

पलीकडची घरघर शांत झाली. टेकडीवर नळ दोनदा खाकरले आणि वाहू लागले. भिंत निवायला मात्र वेळ लागला. तोवर तो हललाही नाही.

हौद काठोकाठ भरला तेव्हा हाक थांबली. या वेळी तो रेंगाळला नाही. मावशीने अंग मोकळं केलं आणि तो तिच्यासोबत थेट खालपर्यंत आला, आणि शेवटच्या वाफ्यातली माती भिजून काळी झाली.

भिंतीवर करपल्याचा एक डाग राहिला आहे. हाक आली की दट्ट्या अजूनही नेमकं तिथेच कपाळ टेकतो. पलीकडे ताम्रा गार असते, आणि मधे मावशी, पूर्ण दबलेली, त्याला परत न्यायला तयार.