भुऱ्या ऐकत नाही

माणसांनी शाळा काढायच्या आधीची गोष्ट. सशीण घसा फोडून सांगे, "माझ्या भुऱ्याला ऐकू येत नाही हो!" पण कोणी विश्वासच ठेवीना. बगळे गुरुजी फिसकन हसले. "एवढे लांब कान! ऐकत नाही म्हणा. उद्यापासून घरीच ठेवा."

"कान काय बघता? पाय बघा!" म्हणत सशिणीनं दाणकन पाय आपटला. पाठमोरा भुऱ्या गर्रकन वळून हसला.

गुरुजी ओशाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या काडीसारख्या पायांनी जमिनीवर ठेका धरून बेचा पाढा घेतला. भुऱ्या ठेक्यावर उड्या मारू लागला, मागोमाग अख्खा वर्ग. बिळातून घोरपड तणतणत आली. "कोण रे मेला धिंगाणा घालतोय?"

तिचं तोंड बघून भुऱ्यानं सगळ्यांआधी गुरुजींकडे पंजा दाखवला, अन् पोरं ओरडली, "बगळे गुरुजी!"