गॉडबीहिअर साहेबाचं आडनाव

“नाव खोटं निघालं तर माणसानं ते टाकून द्यावं का, बाबा?”

बाबा म्हणजे शहामीर फकीर, बालाघाटच्या डोंगरात एका खोपीत राहणारे. विचारणारा होता मोजणी खात्यातला गोरा साहेब. तो इंग्रजीत बोले आणि बाबांचा शिष्य अनाजी ते मराठीत सांगे. पंचक्रोशीत मॅट्रिक झालेला अनाजी एकटाच. हे तो कुणाला विसरू देत नसे.

“नाव काय?” बाबांनी विचारलं.

“गॉडबीहिअर.”

असलं आडनाव अनाजीनं कधी ऐकलं नव्हतं. विलायतेतही फारसं कुणाचं नाही, साहेब म्हणाला.

“अर्थ?”

“देव इथे आहे,” अनाजीनं ठसक्यात सांगून टाकलं.

साहेबाचा चेहरा कडवट झाला. त्याची बायको आणि मुलगी चैत्रात पटकीनं गेल्या. तेव्हापासून बंगल्याला कुलूप होतं. साहेब तंबूत झोपे.

“कुठे होता देव?” तो म्हणाला. “आत दोन प्रेतं... आणि दारावर पाटी, गॉडबीहिअर.”

वारा खोपीच्या गवतातून सळसळत गेला.

“हे नाव पडलं कसं?” बाबांनी विचारलं.

“आजोबा सांगायचे, आमचा मूळपुरुष कुणाच्या घरात पाऊल टाकताना हे म्हणायचा. लोक त्याला त्याच नावानं हाक मारू लागले.”

“भरल्या घरात शिरतानाच म्हणायचा?”

“नाही... कुणाच्याही. दुखवट्याच्या घरात तर आधी.”

हे मराठीत सांगता सांगता अनाजी अडखळला. त्याचे कान तापले.

“बाबा, मी चुकलो. नावात ‘इज’ नाही, ‘बी’ आहे. ‘देव इथे आहे’ नव्हे... ‘देव इथे असो’.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या कौतुकानं त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

“आज शिकलास,” ते म्हणाले, आणि काठी घेऊन उतार उतरू लागले. थेट बंगल्याच्या वाटेनं. अनाजीनं तेच इंग्रजीत सांगितलं, तसा साहेबही मागून गेला.

कुलूप निघालं. आतून कोंदट वास आला. साहेब उंबऱ्याशी थिजला.

बाबांनी त्याला ढकललं नाही, समजावलं नाही. भर उन्हात म्हातारा नुसता शेजारी उभा राहिला, जणू दुसरं काही कामच नव्हतं. अनाजीला वाटलं, इतका वेळ आपण कुणासाठी उभे राहिलो असतो का?

अखेर साहेबानं टोपी काढली. आत पाऊल टाकलं आणि हलकेच, तोडून तोडून, स्वतःचंच आडनाव उच्चारलं. मग भिंतीला टेकून तो ढसढसा रडला.

अनाजीचे डोळे भरून आले.

“बाबा,” तो कुजबुजला, “आला का हो देव?”

“खिडक्या उघड,” बाबा म्हणाले. “आणि आडावरनं पाणी आण... एक तांब्या जास्तीचा आण, पाहुण्याला.”