मास्क काढू नकोस

"तोंडात नळी असती, तर दादा वाचला असता का?"

हे मी पोलिसांना विचारलं. डॉक्टरांना विचारलं. दादाबरोबर पाण्यात उतरलेल्या बस्त्यावला विचारलं. सगळ्यांनी खाली बघितलं. म्हणून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी खाडीकाठी उस्तादांच्या शेडवर गेलो.

उस्ताद म्हणजे दाऊद सारंग. माझ्या दादाला, उल्हासला, पाण्याखालचं काम त्यांनीच शिकवलं. मला सातवीच्या पुढे काहीच जमलं नाही. त्यांनी मला होडीवर, पाण्याखालच्या माणसाशी बोलायच्या फोनपाशी बसवलं.

ते डब्यात चुन्याचे दाणे भरत होते. पाणबुड्याच्या पाठीवरचं यंत्र त्याने सोडलेला श्वास त्या चुन्यातून गाळून परत देतं. चुना थकला की तोच श्वास विष होतो. दादाचा थकला होता.

"बस, केशा."

"बसायला नाही आलो. सगळा चेहरा झाकणारा मास्क त्याला तुम्ही दिलात. बस्त्याव चांगल्या हवेची नळी हातात घेऊन समोर होता! आणि मध्ये काच."

"हो."

"हो काय? तोंडात नळी असती तर एक काढायची, दुसरी घालायची. दोन सेकंदांचं काम!"

"तीन," उस्ताद म्हणाले.

मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

"युनूसच्या तोंडात नळीच होती," ते म्हणाले.

युनूस त्यांचा मुलगा. चार वर्षांपूर्वी खाली असताना त्याला आकडी आली, नळी तोंडातून सुटली आणि तो बुडाला. त्यानंतर उस्तादांनी सगळ्यांना मास्क लावायला लावले. बेशुद्ध पडलात तरी पाणी तोंडात जाणार नाही, हे आमच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं.

"तेव्हा मीही विचारत फिरलो. मास्क असता तर?"

"मग? काय म्हणाले लोक?"

दाणे डब्यात पडत राहिले...

मी पिशवीतून दादाचा मास्क काढला. पोलिसांनी तो कालच परत दिला होता. फरशीवर ठेवला. बाहेर जाऊन जांभ्याचा एक चिरा उचलून आणला.

उस्तादांनी मला अडवलं नाही. ते उठले, खुंटीवरची युनूसची नळी काढली आणि मास्कच्या शेजारी ठेवली.

"दोन्ही फोड."

माझे हात वरच राहिले.

"फोड ना. चांगला जोर लाव. फक्त उद्या बस्त्याव काय लावून उतरेल ते सांगून जा."

"त्याला काय हवंय?"

"युनूसच्या वेळी शेजारी तोच होता. उल्हासच्या वेळीही तोच. दोन्ही बघितलेला माणूस. परवा येऊन म्हणाला, नळी द्या. आज सकाळी आला आणि म्हणाला, मास्क द्या."

चिरा जड झाला. मी तो खाली ठेवला.

"केशा... फोनवर काय बोलणं झालं?"

हे मला अजून कोणी विचारलं नव्हतं. नळीवाला माणूस पाण्यात मुका असतो. मास्कमधून बोलता येतं. दादाचा आवाज फक्त माझ्या कानात होता. बस्त्यावला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"चेष्टा करत होता," मी म्हणालो. "मेल्या, शेंगदाणे खातोस ना वर? माझ्या कानात चावतोयस, म्हणाला. मग म्हणाला, धाप लागतेय. मग म्हणाला, बस्त्याव मास्क ओढतोय, काढू का?"

"आणि?"

मी मास्कचा पट्टा ओढून सरळ केला.

"आणि तू?"

"मी ओरडलो, काढू नकोस! तुम्हीच शिकवलं होतंत. मास्क असला की माणूस बुडत नाही. काढू नकोस, काढू नकोस, ओरडतच राहिलो. त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला. बस्त्याव सांगतो, बोटं सोडवता येईनात... दादाने माझं ऐकलं, उस्ताद. जन्मात पहिल्यांदा ऐकलं."

मी वाट बघितली. शिवी चालली असती. थप्पड चालली असती.

"काढ म्हणालो असतो तर?"

त्यांनी गोड्या पाण्याची बादली पायाने माझ्याकडे सरकवली.

"धू. मीठ चढलंय त्याच्यावर."

मी काच धुतली. पट्टे धुतले. बकलात दादाचा एक केस अडकला होता, तो खिशात ठेवला. मग मास्क बाजूला ठेवायला लागलो.

"आतून," उस्ताद म्हणाले.

"आत त्याचा वास आहे."

"असेल."

"तंबाखूचा... घरी आता त्याच्या शर्टांनाही येत नाही. आईने सगळे धुतले."

"उद्या बस्त्यावचं तोंड असणार तिथे."

मी मास्क नाकाला लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग बादलीत बुडवला आणि आतलं रबर अंगठ्याने घासलं, हनुवटीच्या खाचेपर्यंत. परत नाकाला लावला तर नुसतं रबर.

दादासाठी मी केलेलं ते शेवटचं काम.

मास्क वाळत घालायला मी बाहेर उन्हाकडे निघालो.

"सावलीत," उस्ताद मागून म्हणाले. "उन्हात रबर तडकतं."