पाठंगुळीवाल्यानं दाखवलेली जागा

“धक्का झाला की पाठंगुळीवाले हवेत कशाला? राजाच म्हणाला, त्या सगळ्यांना…”

फार फार जुन्या काळी, माडांनी भरलेल्या एका बेटावर, एक बाई शेजारी विस्तव मागायला गेली होती. कुडापलीकडून एवढंच तिच्या कानी पडलं. पुढचंही ऐकलं असतं हो तिनं, पण हातातली खापरी चटके देत होती. धावतच घरी आली नि नवऱ्याला म्हणाली, “अहो, तुमचं काम गेलं!”

नवरा पाठंगुळीवाला. बेट बघायला लांबून पाहुणे यायचे, पण किनारा उथळ. होड्या कमरेएवढ्या पाण्यात थांबायच्या. तिथून पाहुण्यांना पाठीवर घेऊन न भिजवता काठाला आणणारे असे बाराजण होते. त्यावर बारा घरांच्या चुली पेटायच्या.

दुसऱ्या दिवशी राजाचा गवंडी आला. “दादा, होड्या लागायला धक्का बांधायचाय. तळ कुठं पक्का आहे?”

खडक कुठं नि गाळ कुठं, हे पाठंगुळीवाल्याच्या पायांना पाठ होतं. पण घरची चार तोंडं डोळ्यांपुढं आली. त्यानं बोट दाखवलं ते नेमकं गाळाकडे. गवंडी तिथं काठ्या रोवू लागला.

तेवढ्यात होडी आली. होडीत एक म्हातारी.

“या आजी, बसा पाठीवर.”

“मेल्या, या वयात परक्याच्या पाठंगुळी? आता चढेन ती चौघांच्या खांद्यावरच!” होडीतले खो खो हसले. म्हातारी मात्र काठाकडे बघत राहिली. “किती वर्षं मनात होतं रे. असू दे. धक्का झाला की दोघी बहिणींनाही घेऊन येते.”

होडी माघारी वळली. गाळावरच्या त्या धक्क्यावर तीन म्हाताऱ्या उभ्या आहेत, असं पाठंगुळीवाल्याला दिसू लागलं.

तो पाणी तुडवत धावला. “थांबा! मी खोटं बोललो. इथं गाळात दगड बुडेल. खडक पलीकडे आहे.”

गवंडी भडकला. “माणसं मेली असती! मग पाहुणे आले असते का पुन्हा? का बोललात खोटं?”

“राजा आम्हाला काढणार ना?”

“कुणी सांगितलं? राजा म्हणाला, त्या सगळ्यांना वाटाडे करा. बेट त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?”

पाठंगुळीवाला तिथंच पाण्यात मटकन बसला. रडतोय की हसतोय, त्याचं त्यालाच कळेना.

धक्का खडकावर उभा राहिला. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या. त्यांना वाट दाखवायला माणूस हवा, जेवायला भात हवा, बसायला चटई हवी. घरोघरच्या बायकांनाही काम मिळालं. पाठंगुळीचं काम मात्र गेलं ते गेलंच. बाराजणांतला एक, “मी काय लोकांपुढं बडबडत फिरू?” म्हणून रुसला नि मासेमारीला लागला. म्हणजे कुडापलीकडची ती बातमी अगदीच खोटी नव्हती.

पोटाच्या भीतीनं खोटी जागा दाखवणारा आधी स्वतःच्याच पोटावर पाय देतो.