मानाचा नारळ

फार मागची गोष्ट, बाळांनो. तुमच्या पणजीच्या पणजीनंही ती कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. सुगी संपली की तिथं शर्यत व्हायची. वेशीतून निघायचं, माथ्यावरच्या झऱ्यात हात बुडवायचा आणि परत वेशीत यायचं. शेवटचा माणूस परत येईपर्यंत ढोल वाजत राहायचा. पोरं, पोरी, बाप्ये, बाया, सगळे पळायचे.

पण गावाची एक रीत होती. घरात नातवंड आलं की पाटील आजा-आजीच्या हातात मानाचा नारळ ठेवायचा. तो कधी फोडायचा नाही. शर्यतीच्या दिवशी तो मांडीवर घेऊन पारावर बसायचं आणि दुसऱ्यांचं पळणं बघायचं. गावाला वाटे, आपण म्हाताऱ्यांना केवढं जपतो! जपणं कसलं? गप बसा, एवढाच त्याचा अर्थ.

त्या गावात एक म्हातारी होती. चौदा वर्षांची असताना ती शर्यतीत सगळ्यांच्या पुढं होती. निम्मा डोंगर चढली, आणि खालून बापानं हाक मारली, "खाली ये गं, तुला बघायला पाहुणे आलेत!" पोर उतरली. मग चूल आली, शेणगोठा आला, लेकरं आली. झरा राहिला तो राहिलाच. पुढं नातू झाला, नारळ मिळाला, तीही पारावर बसू लागली.

एके दिवशी तिची शेळी सुटली. म्हातारी मागं धावली आणि तिसऱ्या बांधावर तिनं शेळीचा कान धरला. छाती भात्यासारखी हलत होती आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेळी सुटली नाही, तरी म्हातारी माळावर पळून आली. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच.

सून म्हणाली, "आत्याबाई, शेळी तर गोठ्यात आहे. तुम्ही कुणाच्या मागं पळताय?"

"मागं कुणाच्या नाही गं. मी पुढं पळतेय."

लेक चिडला. "आई, लोक मला हसतात."

"तुला हसतात ना? मग तुझं तू बघ."

शर्यतीचा दिवस आला. म्हातारी कासोटा घट्ट मारून पोरांच्या रांगेत उभी राहिली. काखेत नारळ होता. पाटील पुढं आला.

"म्हातारे, तुझी जागा पारावर. पडलीस-झडलीस तर गावाला बट्टा लागेल."

म्हातारीचे डोळे लाल झाले. "पाटील, एकदा एका हाकेनं मी अर्ध्यातून उतरले. आता मारून बघा हाक!"

आणि तिनं नारळ पाराच्या दगडावर आपटला. पाणी उडून पाटलाच्या धोतरावर पडलं. ढोल वाजला आणि ती पळाली.

पोरं भराभर पुढं गेली. म्हातारीचा गुडघा ठणकला, श्वास फुलला. ती थांबली, चालली, पुन्हा पळाली. शेवटी माथा आला. तिनं झऱ्यात हात घातला. तुम्हाला वाटेल ती रडली असेल. छे! तिला संताप आला. ओंजळभर तर पाणी होतं ते. एवढ्यासाठी सगळा जन्म वाट बघायला लावली?

खाली पोरं परत आली तसा पाटील म्हणाला, "ढोल थांबवा. सगळे आले."

ढोलवाला म्हणाला, "पाटील, म्हातारी अजून वर आहे."

"ती शर्यतीत नव्हतीच."

ढोल बंद पडला. उतारावर म्हातारीला ते कळलं. सगळं पळणं वाया गेलं, असं तिला वाटलं. ती एका दगडाला धरून उभी राहिली.

तेव्हा पारावरचा एक म्हातारा उठला. तरुणपणी सात वेळा पहिला आलेला. तो रागानं ओरडला,

"माणूस डोंगरावर असताना ढोल बंद? आपल्या बापजाद्यांनी असलं पाप केलं नव्हतं!"

त्यानं आपला नारळ दगडावर फोडला. शेजारच्या म्हातारीनं फोडला. मग तिसऱ्यानं, मग चौथीनं. फाड फाड आवाज डोंगरभर गेला. पाटील "अरे, अरे" करत राहिला. ढोलवाल्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, टिपरी उचलली आणि ढोल बडवला.

म्हातारीनं दगड सोडला. ती पळत वेशीत आली, सगळ्यात शेवटी, सगळ्या गावादेखत. पाटलाला तिनं नमस्कार केला नाही.

पुढच्या सुगीला पाटील टोपलीभर नारळ घेऊन पारावर आला. घ्यायला कुणीच नव्हतं. आजे-आज्या रांगेत उभ्या होत्या, आणि ढोल दिवस मावळेपर्यंत थांबला नाही.

म्हणून सांगते, थोरांचा मान ठेवायचा असेल तर त्यांची वाट मोकळी करा. बसायला पाट देऊन त्यांची वाट अडवू नका.